डाव्या डोळ्याची पोर

सरिताची गोळी चुकायची, पण चुकायची ती एकाच जागी. काळा गोल सोडून डावीकडे कागदावर सगळी भोकं दाटीवाटीने बसायची. बाकीच्या मुलींच्या गोळ्या चौफेर जायच्या, त्यातली एखादी गोलात लागली की त्या नाचायच्या. सरिता मात्र रायफलीवरून उठायची ती मान खाली घालून. तिला एन.सी.सी.च्या नेमबाजीच्या टीममध्ये जायचं होतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे संधीही शेवटची. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला असं काही हवं होतं, जे आईने किंवा एकोडी गावाने तिच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेलं नव्हतं.

प्रविण सर फौजेतून निवृत्त होऊन कॉलेजात नेमबाजी शिकवत. एक दिवस ते तिचा कागद हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. चुकणारी पोर एवढी नेमकी चुकत नाही, म्हणाले. मग त्यांनी तिला दोन्ही हात समोर ताणून पंजांची खिडकी करायला लावली आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून समोर उभ्या सरांच्या नाकाकडे बघायला सांगितलं. सरिताला हसू आलं. सरांना आलं नाही. त्यांना खिडकीतून तिचा डावा डोळा दिसत होता.

"तुझा डोळा डावा आहे आणि हात उजवा," ते म्हणाले. "दोघांचं जमत नाही."

आधी त्यांनी डाव्या डोळ्यावर पट्टी लावून बघितली. उजव्या डोळ्याला गोल धूसर दिसे, घटकाभरात पाणी गळू लागे. मग रायफल डाव्या खांद्याला लावायला सांगितली, आणि सरिता चकितच झाली. गोल हाताशी आल्यासारखा स्वच्छ दिसत होता. फक्त ट्रिगरवरचं डावं बोट लाकडाचं झालं होतं. दाबायच्या जागी ते हिसका मारी आणि गोळी कुठल्या कुठे जाई. सर म्हणाले, बोट शिकेल, निवडीला अजून थोडा अवकाश आहे. घरी जे काम उजव्या हाताने करतेस ते सगळं डाव्याने करायला लाग.

ज्या कुणी सोप्या कामाला डाव्या हाताचा मळ म्हटलं, त्याने कधी डाव्या हाताने वेणी घातली नसावी. सरिता घालू लागली. डाव्याने अंगण झाडू लागली, डाव्याने पाणी काढू लागली. शकुनबाई, तिची आई, बघत होती. कॉलेजातलं काही खूळ असेल असं तिने धरलं. पण जेवताना सरिताने डावा हात भातात घातला, आणि शकुनबाईच्या हातातली पळी खाली आली.

पळी लागलीच नाही. ती पडायच्या आधीच सरिताचा हात मागे सरला होता. अंगठ्याखाली तिच्या त्या हातावर एक गुळगुळीत, चकाकणारा डाग होता. लहानपणी भाजीचा गंज, म्हणजे तापलेलं पातेलं, हातावर सांडला, असं तिला सांगितलेलं. पळी त्या डागावरच येणार होती, आणि सरिताला नसलं तरी तिच्या हाताला ते आठवत होतं.

"गंज सांडलाच नोयता ना, माय?" तिने विचारलं.

शकुनबाईने भात वाढला. मग सांगितलं, आणि सांगताना तिला काही जड गेल्यासारखं दिसलं नाही.

"तू डावखोरी होतीस. पाच वर्साची असशील. रोवण्यात माझ्या बाजूले उभी राहून पऱ्हे खोसे, डाव्या हातानं. कोपर लागे साऱ्यायले. धुरपताबाई म्हने, आतापासून सोडव, नाई त मोठेपनी हिले कोनी रांगेत घेनार नाई. मंग मी चिमटा तापवला. एकदाच."

"एकदाच?"

"दोनदा," शकुनबाई म्हणाली.

धानाच्या रोवणीत बायका एका रांगेत वाकतात. साऱ्यांच्या डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची पेंढी, साऱ्यांचा उजवा हात चिखलात, आणि साऱ्या एकदमच मागे सरकतात. त्यात एकजण उलटी निघाली की कोपराला कोपर लागतं, रांग मोडते, धुरपताबाई ओरडते. तिथली मुकादमीणच ती. सरिताला हे सगळं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच राग जास्त येत होता. आईचा असा राग तिला कधी आला नव्हता. त्या हातचा भात तिला गिळवेना, आणि तरी तिने तो खाल्ला. उजव्या हाताने.

दुसऱ्या दिवसापासून ती ईर्ष्येने सरावाला लागली. आईच्या समोर मुद्दाम डाव्याने खाई. शकुनबाईने पुन्हा पळी उचलली नाही, ती फक्त तोंड फिरवून बसे.

निवडीच्या दिवशी सरिता रायफल घेऊन डाव्या कुशीला कलून आडवी झाली. गोल समोर होता, डोळा त्यावरून हलत नव्हता. बोट हिसकत होतं. तिने श्वास रोखला, सोडला, हळूच दाबायचं मनाशी घोकलं, आणि प्रत्येक वेळी बोटाने आपलंच केलं. कागद आणला तेव्हा भोकं चौफेर होती. घाबरून तिने उजव्या खांद्यावर एक फेरी मागून घेतली, तर तिथलीही घडी मोडली होती. एकाच जागी चुकणं हीच काय ती तिची कमाई होती, तीही गेली.

सरांनी कागद दुमडला. "डोळा तयार आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "हात अजून लहान पोरीचा आहे. चार-पाच वर्षांची असते ना, तसा." आपण किती नेमकं बोललो हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. टीममध्ये बाकीच्या मुलींतली रिता गेली, आणि सरिताने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. टाळीला दोन्ही हात सारखेच लागतात.

उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली होती. माघातलं पाणी पायांना चावत होतं. बाया कमी होत्या म्हणून शकुनबाईने तिला बोलावलं, आणि सरिता मुकाट बांधीतल्या चिखलात उतरली. तिने पेंढी उजव्या हातात धरली आणि डाव्याने रोवू लागली. पऱ्हे तिरपे बसत, सुटून पाण्यावर तरंगत. तिचं कोपर धुरपताबाईला लागलं, मग पुन्हा लागलं. धुरपताबाई कंबर सरळ करून उभी राहिली आणि तिने शकुनबाईकडे बघितलं. सारी रांगच थांबली.

शकुनबाईने हात लांबवून लेकीचे तरंगणारे पऱ्हे गोळा केले आणि एकेक करून सरळ रोवले. "उजव्यानं लाव, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"हाताले डाग देला, तवा डोळ्याले बी द्याचा होता, माय," सरिता म्हणाली. "तो तसाच राहून गेला."

शकुनबाई वाकलेलीच राहिली. तिचा हात चिखलात होता, तो तिने बाहेर काढला नाही. मग धुरपताबाई म्हणाली, चला, ऊन वर आलं, आणि रांग एक पाऊल मागे सरली. सरिताने पेंढी डाव्या हातात घेतली आणि उजवा चिखलात घातला.