अवधूतमामांची शस्त्रं

सांगलीच्या अवधूतमामांकडे सात व्हिडिओ गेम होते आणि सातांपैकी एकही खेळायचा नव्हता.

मयूरी साताऱ्याहून आली, बॅग ठेवली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तेवढ्यात मामांनी तिला शोकेससमोर उभं केलं. नवरात्राची सुटी होती. म्हणजे थोडी शाळेने दिली होती आणि जिथे कमी पडत होती तिथे मयूरीने स्वतःच जोडून घेतली होती. नववीत गेल्यापासून तिला असले जोडधंदे छान जमायला लागले होते.

लोकांच्या शोकेसमध्ये शंख-शिंपले असतात, काचेचा ताजमहाल असतो, मान डोलावणारी बाहुली असते. मामांच्या शोकेसमध्ये सात गेम बारशाच्या बाळांसारखे ओळीने पडले होते, प्रत्येकाच्या अंगावर विनोदिनीमामीने विणलेला क्रोशाचा रुमाल.

"हे खेळणं नव्हे मयूरी," मामा म्हणाले. "हा संग्रह आहे."

मग मामांनी एकेक रुमाल उचलून संग्रहाची मुखदर्शनं दिली. एक गेम मुंबईच्या भंगारातून आणलेला, त्याला वायरच नव्हती. एकावर '९९९९ गेम' असं छापलेलं होतं आणि आत सहाच होते, तेच पुन्हा पुन्हा नावं बदलून यायचे. सगळ्यात शेवटी, शंकराच्या पिंडीवरचं वस्त्र काढावं तसा, मोठ्या काळ्या डब्यावरचा रुमाल निघाला. समोर लाकडी पट्टी, वर चंदेरी खटके, मधोमध कॅसेट खोचायची उघडी खाच.

"अटारी," मामा हळू आवाजात म्हणाले. "कडेगावच्या तात्याबाच्या भावानं दुबईहून आणलेला. तू जन्मली पण नव्हतीस. गोठ्यात, कडब्यावर पडला होता. मी उचलून आणला."

मामांनी 'उचलून आणला' असं म्हटलं, पण छाती अशी पुढे काढली की जणू गड सर करून आणला. पलीकडून तोफा चालू होत्या आणि हे एकटे.

"तुम्ही खेळलात का यावर?" मयूरीने विचारलं.

"मी?" मामा हसले. "अगं, एके काळी माझ्यासमोर बसायला कुणी तयार नसायचं."

हे अगदी खरं होतं. मामा कुणाला बसूच द्यायचे नाहीत, तर तयार कोण होणार?

"आणि एक लक्षात ठेव," मामांनी रुमालाची घडी चारही कोपरे जुळवून घातली. "यातल्या एकाला जरी हात लागला, तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने सातारा. मग मी दसरा बघणार नाही, भाची बघणार नाही. पोरींच्या हातात यंत्र टिकत नाही."

हे शेवटचं वाक्य मयूरीला कडब्यातल्या कुसळासारखं टोचलं. साताऱ्यात शेजारच्या ओवीकडे जो व्हिडिओ गेम होता, त्यावर अख्ख्या गल्लीत मयूरीच्या पुढे कुणी नव्हतं. पण पाहुणीने पहिल्याच संध्याकाळी भांडू नये एवढं तिला कळत होतं. दुसऱ्या दिवसापासूनचं वेगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा ऑफिसला गेले, जेवणं झाली, मयूरी आडवी झाली. डोळा लागतोय न लागतोय तोच बाहेरच्या खोलीतून आवाज आला. टुर्रर्र, टुर्रर्र, आणि मग धडाम.

ती दबक्या पावलांनी गेली. टीव्हीसमोर पाटावर विनोदिनीमामी बसली होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, जिभेचं टोक बाहेर, हातात अटारीची जॉयस्टिक. पडद्यावर दोन चौकोनी रणगाडे होते. एक गरागरा फिरत होता, दुसरा बेवारशासारखा नुसता उभा होता.

"मामी!"

मामीने मान वळवली नाही. "दार लाव आधी. आणि ती दुसरी दांडी घे. किती दिवस झाले, मी एकटीच दोघांचं खेळतेय."

मयूरीला आनंदाने उडी मारावीशी वाटली. तिने ती मारलीही. मग एकदम एसटी आठवली.

"मामांना कळलं तर?"

"कोण सांगणार आहे? देवीची शपथ घे, माझं नाव काढणार नाहीस."

"घेतली. पण मामी, तू सरळ सांगत का नाहीस त्यांना? ते काय तुला साताऱ्याला पाठवणार आहेत?"

"पाठवलं तर बरंच की," मामी म्हणाली. "तसं नाही गं. सांगितलं, की ते मला शिकवायला बसतील."

मयूरी यावर इतकी हसली की तिचा रणगाडा तेवढ्यात तीनदा उडाला.

आणि मामी कशी खेळायची! भिंतीआड दबा धरून बसायची, मयूरी धावत आली की अशा कोनातून गोळी मारायची की ती भिंतीवर आपटून मयूरीच्या पाठीतच. वर तोंडाने, "ये बाळ, ये. जेवलीस का? मग घे." रोज दुपारी हा उद्योग चालायचा. चार वाजले की मामी उठायची, वायर गुंडाळायची आणि रुमालाची घडी मामांच्यापेक्षाही मामांसारखी घालायची. मयूरी रोज हरत होती आणि रोज थोडी कमी हरत होती.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी सांगलीत जो तो आपापली हत्यारं पुजत होता. कुणी विळे-कोयते, कुणी तराजू, कुणी शिलाई मशीन, समोरच्यांनी स्कूटर धुऊन तिला एवढा मोठा झेंडूचा हार घातला की दिवाच दिसेना. मामांच्या घरात हत्यार म्हणजे एक विळी, पण ती मामीची. म्हणून मामा दरवर्षी सातही गेम पाटावर मांडायचे.

"आपली शस्त्रं!" मामा सोवळं नेसून म्हणाले. गंध लावलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या पाकळ्या कुस्करून उधळल्या. अक्षता तर लग्नात टाकाव्यात तशा मुठीमुठीने. अटारी मानाचा, त्याला सगळ्यांत जास्त.

"अहो, त्या वरच्या खाचेत जातंय," मामी म्हणाली.

"मंत्र चाललाय."

"मंत्र खाचेत जाऊ दे, तांदूळ नको."

मामांनी डोळे मिटून आणखी एक मूठ टाकली. पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नसते, म्हणून त्या दुपारी रणगाडे बंद होते. मामी सारखी पाटाकडे बघत होती. "एवढा दसरा जाऊ दे, मग मी बघते," ती पुटपुटली.

पण दसरा तसा जाणार नव्हता. मामांनी या वर्षी संग्रह दाखवायला पाहुणे बोलावले होते, तेही दसऱ्याच्याच सकाळी. एक त्यांच्या ऑफिसचे मोठे साहेब, नाथाजीसाहेब, पांढरी पँट आणि हातात रुमाल. दुसरे कडेगावचे तात्याबा, अटारीचे मूळ मालक, पटका बांधून, उसाची मोळी घेऊन.

"आरं, ह्यो तर आमचाच डबा की!" तात्याबा आत येताच म्हणाले. "आमी भावाभावांनी लय मारामाऱ्या केल्यात ह्याच्यापायी. चालतोय का अजून?"

"चालतोय? पळतो!" मामा म्हणाले. मग त्यांनी भाषण केलं. जपणूक म्हणजे काय, वस्तूचा मान म्हणजे काय, आजकालची पोरं कशी सगळ्याची नासधूस करतात, आणि एके काळी आपल्यासमोर बसायला कुणी कसं तयार नसायचं. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मामांनी अँटेनाच्या जागी वायर जोडली, कॅसेट खाचेत बसवली. ती पुरती आत जाईना. मामांनी तळहाताने दाबली. मग चापट मारली. मग खटका ओढला.

टीव्हीवर मुंग्या आल्या. नुसत्या मुंग्या, खरखर आवाज करत.

"मुंग्यांचा गेम हाय व्हय?" तात्याबांनी विचारलं.

मामांचा चेहरा कुंकवासारखा झाला. त्यांनी खटका पुन्हा ओढला, पुन्हा मुंग्या. मग ते हळूहळू वळले आणि मयूरीकडे बघितलं.

"हात लावलास तू याला?"

मयूरीने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मामी तिथे उभी होती, हाताला पुरणपोळीचं पीठ, चेहरा पिठापेक्षा पांढरा. शपथ घेतली होती. खोटं बोलावं तर ते मयूरीला जमायचं, पण साहेबांसमोर, मुंग्यांसमोर, "मी नाही हो" म्हणून रडवेलं तोंड करायचं? नववीत गेलेल्या मुलीने?

"लावला," ती म्हणाली.

"ऐकलंत साहेब? काय सांगत होतो मी! पोरींच्या हातात यंत्र टिकत नाही! उद्याची पहिली एसटी, मयूरी. सातारा!"

"जाते," मयूरी म्हणाली. आपला आवाज एवढा खणखणीत निघेल हे तिलाही माहीत नव्हतं. "पण तुम्ही त्याला काय काय लावलंय ते बघून मग जाते."

तिने बटण बंद केलं, कॅसेट ओढून काढली, अटारी उचलला आणि सरळ उलटा केला.

"अगं! मशीन आहे ते, लोणच्याची बरणी नव्हे!"

मयूरीने बुडावर दोन थापा दिल्या. आधी एक झेंडूची पाकळी तरंगत आली. मग अक्षता. सुरुवातीला चार-पाच, मग भसकन मूठभर, कुंकवाने लाल झालेल्या, थेट नाथाजीसाहेबांच्या पांढऱ्या पँटवर. साहेब उठून उभे राहिले. अंगावर अक्षता पडल्या की उभं राहायचं, एवढंच बहुतेक त्यांना सुचलं.

"आवं अवधूतराव," तात्याबा म्हणाले, "पेरणी केली व्हय? अजून दोन पावसं झाली असती तर भाताला आला असता की डबा!"

"हे... हे तिनंच भरलं असणार," मामा म्हणाले.

"कुंकू लावून?" मयूरीने विचारलं.

मयूरीने कॅसेट परत बसवून खटका ओढला. पुन्हा मुंग्या. आत खोल कुठेतरी ओल्या हळदीत एक-दोन दाणे चिकटून बसले होते. मामांचा चेहरा जरा उजळला. "बघा. बिघडवलाच."

तेवढ्यात मामी पुढे आली. पदराला हात पुसले, अंबाड्यातला आकडा उपसला.

"सरका हो जरा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मामीने मांडी घातली, डबा मांडीवर घेतला, आकड्याचं टोक खाचेच्या उजव्या कडेने नेलं, हलकेच वर ओढलं. एक दाणा. डाव्या कडेने. दुसरा. मग पदराच्या टोकाने आतली हळद पुसली, एक फुंकर मारली आणि डबा परत ठेवला. डोळे मिटून करावं इतकं सहज.

"वहिनींना सवय दिसते," साहेब पँट झटकत म्हणाले.

"दरवर्षीची," मामी म्हणाली.

मामांनी त्या एका शब्दाचा अर्थ लावायला घेतला होता आणि तो जसजसा लागत होता तसतशी त्यांची मान सदऱ्यात आत चालली होती. मामीने खटका ओढला. मुंग्या गेल्या. दोन रणगाडे समोरासमोर उभे राहिले.

"आला की रं माजा वाघ!" तात्याबांनी टाळी मारली. "चला अवधूतराव, तुमच्यासमोर बसायला कोण तयार नसायचं न्हवं? ही पोरगी हाय तयार."

आता मागे फिरायला रस्ता नव्हता. मामा सोफ्यावर बसले, जॉयस्टिक दोन्ही हातांत धरली. खेळ सुरू झाला आणि मामांचा रणगाडा जो निघाला तो थेट कोपऱ्यात जाऊन भिंतीला डोकं लावून उभा राहिला, जसा काही नवसच फेडत होता. मयूरीने पहिली गोळी मारली. मग दुसरी. मग तिला जरा दया आली, पण ती चटकन ओसरली आणि तिने तिसरी मारली.

"याच्यात काहीतरी दोष आहे," मामा म्हणाले.

"अहो, उलटी धरलीय तुम्ही," मामी म्हणाली. "लाल बटण वर, डाव्या हाताला येतं."

तात्याबा हसता हसता पटका सावरत होते. साहेब, जे कधी कुणाच्या घरी हसल्याचं ऐकिवात नव्हतं, ते हसतच म्हणाले, "अवधूत, ऊठ रे. मला बसू दे." मग साहेब मामीकडून हरले, तात्याबा मयूरीकडून हरले, आणि पुरणपोळ्या थंड झाल्या तरी कुणी पाटावर बसेना.

"तसं मूळचं सगळं मीच..." मामांनी मध्येच सुरू केलं.

"गप बसा जरा," तात्याबा म्हणाले, "पोरगी नेम धरतीय."

संध्याकाळी सगळीकडे आपट्याची पानं वाटणं चाललं. मामांनीही सोनं वाटलं. मयूरीच्या हातावर पान ठेवताना ते एसटीचं काहीच बोलले नाहीत, आणि मामांच्या बाबतीत तीच माफी समजायची असते. मग सवयीने एक पान घेऊन ते अटारीकडे वळले. पान खाचेवर ठेवणार, एवढ्यात मामीचा तळहात खाचेवर आला.

"आत नको. ते सोनं इकडे द्या."

मामांनी पान मामीच्या हातावर ठेवलं. जरा वेळ घुटमळले. घसा खाकरला.

"उद्या रजा टाकतो मी. तुम्हा दोघींची पद्धत चुकते आहे बरीच. बसून नीट शिकवतो."

मामीने मयूरीकडे बघितलं. बघण्यातच सगळं होतं: सांगितलं नव्हतं मी?

"चालेल की मामा," मयूरी म्हणाली. "फक्त साताऱ्याचा नियम असा आहे, की जो हरेल त्याने उठायचं. आणि जो उठेल त्याने सगळ्यांचा चहा टाकायचा."

"मान्य," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारभर मामा स्वयंपाकघरातच होते.