हिलदार्दोंनी भरलेली हवा

मी चाक बोलतोय. मोटारीला चार चाकं असतात, सायकलला दोन. माझ्या गाडीला मी एकटाच. तिला हँडल नाही, सीट नाही. माझ्या दोन्ही अंगांना पाय ठेवायला एकेक फळी आहे. माणूस त्यावर उभा राहतो, जरासा पुढे झुकला की मी निघतो, मागे रेलला की थांबतो. विजेवर चालतो. मोटर माझ्या पोटातच आहे. मला बोलायची सवय नाही, म्हणून सावकाश सांगतो.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं, गार झाल्यावर ठोकून बाहेर काढलं, तो मी. मग पोटात लोहचुंबक बसवले, तांब्याची तार गुंडाळली, अंगावर टायर चढवला आणि टायरच्या आत ट्यूब. एका मुलीने मला तीन मिनिटं फिरवून पाहिलं आणि माझ्यावर शिक्का मारला. तिचा चेहरा मला दिसला नाही, हातमोजे तेवढे आठवतात. नंतर खोका, अंधार आणि खूप दिवस समुद्र.

उतरलो तो डोंगरातल्या मानिसालेस गावात. इथे सपाट जागा म्हणजे एक फुटबॉलचं मैदान, बाकी सगळे चढ आणि उतार. माझा पहिला मालक कॉलेजातला होता. मैत्रिणीला दाखवायला त्याने मला घेतलं. मैत्रीण सोडून गेली, तसं त्याचं माझ्यावरचंही मन उडालं. सात महिने मी त्याच्या पलंगाखाली पडून होतो.

तिथून मला एदिल्माने आणलं.

एदिल्मा घरोघर जाणारी नर्स. अडतीस वर्षांची, एकटी, हसली की खांदे हलायचे. तिचे पेशंट वरच्या वस्तीत राहायचे, जिथे बस अर्ध्यातूनच मागे वळते. सकाळी सातला एका आजीला इन्सुलिन, मग एका गवंड्याच्या पायाची जखम, मग कुणाचं सलाईन. पूर्वी ती हे सगळं पायी करायची आणि दुपारपर्यंत तिचे गुडघे सुजायचे. मी आल्यावर ती दहाच्या जागी सतरा घरं करू लागली. त्या आजीला डोळ्यांनी दिसत नसे. माझी घरघर गल्लीत ऐकू आली की ती आधीच बाही वर करून बसायची. मला ते फार आवडायचं. आपल्या आवाजाने कुणी बाही वर करतंय, एवढं मोल माझं कधी कुणी केलं नव्हतं.

चढाच्या मध्यावर, वळणापाशी, तिच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. हिलदार्दो त्यांचं नाव. चाळीस वर्षं ट्रकची चाकं उघडून त्यांचे हात टायरच्याच रंगाचे झालेत. बोलणं कमी. टायरमधून खिळा निघाला की तो पुसून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हा बघा तुमचा पाहुणा." एवढाच त्यांचा विनोद, पण रोज नवा असल्यासारखा करायचे. दुकानाच्या दाराशी रुबिएला बाई थर्मास मांडून कॉफी विकायची. हिलदार्दोंच्या वाटचं बोलणंही तीच बोलायची.

माझं पंक्चर काढणं म्हणजे सोपं काम नाही. बावीस स्क्रू, दोन्ही बाजूंची प्लॅस्टिकची टरफलं, मोटरच्या तारा, मग कुठे टायरला हात लागतो. त्या वर्षात मी तीनदा उघडला गेलो. चौथ्यांदा ट्यूबला बोटभर चीर गेली.

"नवी मागवा बाबा," एदिल्मा म्हणाली.

"बोगोताहून यायला आठ दिवस. उद्या सातला आजीकडे कशी जाणार?"

"चालत."

"गुडघे बघ आधी स्वतःचे. थांब, भाजून ठिगळ लावतो. ट्रकला लावतो तसं. ट्यूब फाटेल, पण माझं ठिगळ नाही सुटणार."

"ऐक गं पोरी," रुबिएला म्हणाली, "या माणसाचं लग्न एकवेळ सुटेल, पण ठिगळ नाही!"

त्यांनी ट्यूब घासली, रबराचा तुकडा ठेवला, लोखंडी चिमट्यात दाबला आणि वर स्पिरिट पेटवून भाजला. काम सुरेख होतं. ट्रकच्या ट्यूबवर ते दहा वर्षं टिकलं असतं. पण माझी ट्यूब पातळ. आणि ट्रकच्या चाकाला पोटात मोटर नसते. लांब चढ चढलो की मी आतून तापतो, हात लावला तर चटका बसेल इतका. हे हिलदार्दोंना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण चाकाने सांगायचं कसं?

अकराव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, आम्ही खालून पूर्ण चढ चढून शाळेमागच्या उताराला लागलो. ठिगळाची कड उचलली गेल्याचं मला जाणवलं. मग सगळी हवा एकदम गेली. एदिल्मा उजव्या हातावर पडली. तिची पिशवी उघडली आणि कापसाचे बोळे, सुया, पट्ट्या उतारावरून घरंगळत गेल्या. मीही घरंगळत जाऊन एका भिंतीला टेकलो. ती उठून बसली आणि आधी घड्याळ बघितलं. पुढच्या घरी उशीर होणार म्हणून. मग तिला आपलं मनगट दिसलं.

शस्त्रक्रिया झाली, आत धातूची पट्टी बसवली. हाड जुळलं, पण अंगठा आणि पहिली दोन बोटं एकमेकांना भेटेनात. पाण्याचा पेला ती दोन्ही हातांनी धरू शकते. सुई धरू शकत नाही.

मला दुकानात आणलं, त्या दिवशी हिलदार्दोंनी दार अर्धं ओढून घेतलं आणि एकट्याने मला उघडलं. ट्यूब बाहेर काढली. ठिगळ एका कडेला चिकटलेलं, बाकी मोकळं. ते बराच वेळ बघत बसले. मग कात्रीने तेवढा भाग कापला आणि शर्टाच्या खिशात घातला. बाहेर येऊन रुबिएलाला म्हणाले, "खिळा होता."

पंधरा दिवसांनी एदिल्मा आली, हात गळ्यात बांधलेला. स्टुलावर बसली. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग तिने डावा तळहात पुढे केला.

"बघू माझा पाहुणा."

हिलदार्दो हातातला पाना पुसत राहिले. "पडला कुठंतरी. झाडताना गेला."

तळहात थोडा वेळ तसाच उघडा राहिला. मग तिने तो मांडीवर घेतला. "बरं," म्हणाली. रुबिएला उगाचच थर्मासचं झाकण उघडत, लावत बसली.

दुसऱ्या दिवसापासून हिलदार्दोंनी मला हातात घेतलं. त्यांनी ठरवलं होतं, आता ट्यूबच नको. मोटरसायकली ट्यूबलेस झालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. तसल्या टायरला खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते, माणसाला थांबायला वेळ मिळतो. आत ट्यूब नाही तर ठिगळही नाही. पण मी ट्यूबसाठी बनलेला. माझ्यासारख्याला ट्यूबलेस करणारं त्या गावात कुणी नव्हतं.

आधी वॉल्व्हचं भोक मोठं करायचं होतं. ड्रिलच्या टोकाला त्यांनी ग्रीस फासलं, म्हणजे कीस त्यालाच चिकटेल, मोटरमध्ये जाणार नाही. दोन फेरे फिरवायचे, थांबायचे, बोटाने कीस टिपून घ्यायचे, परत ग्रीस. ज्या भोकाला पाच मिनिटं लागावीत त्याला एक अख्खी दुपार लागली. मग टायर टेकतो ती कड घासून आरशासारखी केली. रबरी चकती घालून नवा वॉल्व्ह आवळला.

"अहो हिलदार्दो," रुबिएला म्हणाली, "बाळंतीण आहे का ती? एवढं न्हाऊ-माखू घालताय! गिऱ्हाईक कधीचं उभंय."

"उभं राहू दे."

"माझ्या कॉफीलाही एवढा वेळ दिला असता तर चार गोष्टी कळल्या असत्या तुम्हाला."

"तुझी कॉफी पाणीच असते."

हवा भरताना टायर रिमला भिडेना. भरलेली सगळी हवा फसफसून बाहेर यायची. त्यांनी टायरच्या मधोमध दोर गुंडाळला, काठी घालून पिळला, तशा कडा बाहेर फुगल्या, आणि काँप्रेसर सोडला. एक ठक्, मग दुसरा ठक्. दोन्ही कडा जागेवर बसल्या. हिलदार्दो पहिल्यांदाच हसले.

सकाळी मी हवा जाऊन सपाट झालो होतो.

त्यांनी सवयीने मला उचललं आणि पाण्याच्या टाकीकडे नेलं. चाळीस वर्षं गळती तिथेच सापडली होती. पाण्यापासून वीतभर अंतरावर थबकले. "मोटर," स्वतःशीच म्हणाले आणि मला छातीशी धरून माघारी आले. मग दाढीचा ब्रश आणला, साबणाचा फेस केला आणि माझ्या सगळ्या अंगाला लावला. चष्मा काढून, नाक टेकेल इतकं जवळ येऊन बघत राहिले. टायरच्या कडेला काही नाही. वॉल्व्हपाशी काही नाही. शेवटी रिमच्या आतल्या बाजूला एक इवलासा बुडबुडा आला, फुटला, परत आला. तिथे धातूतच छिद्र होतं, सुईच्या टोकाएवढं. ओतताना राहिलेलं, माझ्या जन्मापासूनचं. ट्यूब होती तोवर त्याने काही बिघडत नव्हतं.

ते त्यांनी पुट्टीने बुजवलं. गळलं. खरवडून परत बुजवलं. परत गळलं. तिसऱ्यांदा बुजवल्यावर आत गळती बंद करणारं पांढरं औषध ओतलं आणि मला मांडीवर घेऊन हाताने फिरवत बसले, औषध सगळीकडे जावं म्हणून. दुकानात आम्ही दोघंच होतो.

"ठिगळ माझं होतं," ते मला म्हणाले. "खिळा नव्हता." थोडा वेळ फिरवलं. "सांगेन मी तिला. ती एकदा तुझ्यावर उभी राहू दे, मग सांगेन. हात गमावून बसलेल्या पोरीला काय तोंडाने सांगू?"

त्यांनी मला जिथे धरलं होतं तिथे मला त्यांची बोटं जाणवत होती. औषध सगळीकडे पोचलं तरी ती मला फिरवतच राहिली.

त्यानंतर मी गळलो नाही. पहिल्या दिवशी हवा मोजायचा काटा पस्तीसवर. आठवड्याने पस्तीस. महिन्याने पस्तीस. हिलदार्दो रोज सकाळी दार उघडून आधी मला मोजायचे, मग रुबिएलाला आकडा सांगायचे.

"लग्नाची तारीख तरी धरा आता," ती म्हणायची.

त्रेचाळिसाव्या दिवशी एदिल्मा आली. हात मोकळा झाला होता, पण अंगाला चिकटून असायचा. हिलदार्दोंनी मला दुकानाच्या मधोमध उभं केलं. टरफलं धुऊन पुसून बसवलेली.

"ट्यूबच नाही आता," ते म्हणाले. "फुटायला आत काही ठेवलंच नाही. त्रेचाळीस दिवस झाले, एक श्वास सोडला नाही याने. दाबून बघ."

तिने डाव्या अंगठ्याने टायर दाबला. "छान केलंय बाबा."

"उभी राहा. मी धरतो."

"नको."

"इथल्या इथे. दुकानातल्या दुकानात."

"बाबा, मी सोमवारी पेरेइराला चाललेय. तिथल्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम आहे. खोली पण बघितली."

हिलदार्दोंनी काटा काढला, वॉल्व्हला लावला, तिच्यासमोर धरला. "पस्तीस. बघ."

"बघितलं."

"तुझी ती आजी? तिच्याकडे कोण जातं?"

"कुणी नाही. आठवड्यातून दोनदा खुर्चीत बसवून खाली उतरवतात तिला. बाकीचे दिवस इन्सुलिनवाचून तशीच." मग खाली वाकून वडिलांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली, "खिळा नव्हता ना, बाबा? एवढं तरी म्हणा. मी रागावणार नाही."

हिलदार्दोंचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मला वाटलं, आता बोलतील. मी नुसतं चाक आहे, पण त्या क्षणी मी माझ्यातली सगळी हवा धरून राहिलो होतो.

"आधी उभी राहा," ते म्हणाले. "एकदाच. मग सांगतो."

तिने माझ्याकडे बघितलं. डावा पाय उचलून फळीवर ठेवलाही. तिचं वजन क्षणभर माझ्या आसापर्यंत आलं. तिने पाय खाली घेतला.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "येते."

रुबिएलाने तिला कॉफी दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरून उभ्याउभ्या प्यायली आणि उतारावरून पायी गेली.

याला आता दोन वर्षं होत आली. एदिल्मा रविवारी फोन करते. पाऊस, गुडघे, जेवण, एवढंच बोलतात. मी दुकानात त्याच जागी आहे. हिलदार्दो रोज सकाळी माझी हवा मोजतात. मोजताना फुस्स होऊन जरा जाते, तेवढी परत भरतात. "पस्तीस," म्हणतात. रुबिएला आता काही चेष्टा करत नाही. नुसती मान हलवते.

माझ्यात हवा आहे तोवर त्यांना वाटत राहणार की ती एक दिवस येईल, उभी राहील, आणि मग ते सांगतील. पेरेइराची बस दुकानासमोरूनच जाते. सव्वा तासाचा रस्ता. मी कधी सपाट पडलो असतो तर कदाचित ते त्या बसमध्ये चढले असते. पण त्यांनी काम इतकं चोख केलंय की मला गळताच येत नाही. आणि आता त्यांना खुर्चीतून उठायलाही दोनदा प्रयत्न करावा लागतो.

तुमच्यापैकी कुणी त्या वळणावर थांबलंच, तर रुबिएलाकडे कॉफी घ्या. हिलदार्दो दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतले असतील तेव्हा माझ्यापाशी या. वॉल्व्हचं टोपण काढा आणि नखाने आत दाबून धरा, माझा आवाज पूर्ण थांबेपर्यंत. ते सकाळी परत भरतील, हे मला माहीत आहे. तरीही सोडा.