बाहुलीच्या कानामागचे यंत्र

सुज्ञ वाचकहो, एका सरळमार्गी कारागिराच्या मनात संशयाने कसे ठाण मांडले, त्या संशयापायी त्याच्या कुशल हातून कोणते कृत्य घडले, आणि ते कृत्य भरसभेत त्याच्याच मुलीच्या डोळ्यांत पाणी होऊन कसे उभे राहिले, त्याचा साद्यंत वृत्तान्त पुढे निवेदन करण्याचे योजिले आहे. शांत चित्ताने वाचावा, ही विनंती.

सदर कारागीर व्यवसायाने शिंपी होते. सर्व गिऱ्हाईक त्यांना मास्तर म्हणत असे. घराच्या पुढच्या खोलीत शिलाईयंत्र, मागच्या खोलीत संसार आणि मध्ये एक पडदा, असा त्यांचा कारभार होता. कापड उलटे करून पाहिल्याखेरीज त्यांनी आजवर कोणत्याही व्यापाऱ्यावर विश्वास ठेवला नव्हता, आणि माणसांच्या बाबतीतही त्यांची रीत तीच होती.

त्यांची एकुलती एक कन्या प्राथमिक शाळेत शिकत असे. तिला लाडाने ठमी म्हणत. त्या शाळेने परदेशातील एका प्राथमिक शाळेशी मैत्री जोडली होती. एकमेकांची भाषा, घरे व राहणी मुलांना कळावी, कोणीही परका वाटू नये, हा त्यामागील उदात्त हेतू होता. त्या मैत्रीत एक सुंदर प्रथा होती. तिकडच्या मुलांनी एक कापडी बाहुली पाहुणी म्हणून धाडली होती. ती प्रत्येक मुलाच्या घरी आठवडाभर मुक्काम करी, आणि मग ते मूल शाळेच्या हॉलमधील व्हिडिओ कॉलच्या पडद्यासमोर उभे राहून पाहुणीने काय काय पाहिले ते तिकडच्या मुलांना सांगे. बाईंनी पालकसभेत हे सर्व समजावले होते. परंतु मैत्री म्हणजे सही आली आणि सही म्हणजे गोत्यात येणे आले, असा विचार करून मास्तर त्या सभेकडे फिरकलेच नव्हते.

बाहुली ठमीच्या घरी आली, त्याच दिवशी शेजारचे न्हावी गळ्याभोवतीचे फडके झटकत दुकानात डोकावले.

"काय मास्तर, परदेशी पाहुण्या आल्यात म्हणे!"

"आल्यात खऱ्या."

"समुद्रापलीकडून फुकट मैत्री करायला कोण येतं रे? तुझ्याकडे गल्लीतला माणूस तरी येतो का फुकट?"

"तू येतोस की रोज."

"मी चहाला येतो. ती कशाला आलीय, ते बघ."

न्हावी निघून गेले, परंतु त्यांचे बोल मास्तरांच्या मनात टाचणीप्रमाणे रुतून राहिले. त्यांनी बाहुली उचलून निरखली. शिवण हाताची, टाके बारीक, केस काळ्या लोकरीचे. आणि केसांत, एका कानामागे, घेवड्याच्या दाण्यासारखे वाकडे एक प्लॅस्टिकचे यंत्र बसवलेले! त्यातून एक बारीक वायर निघून डोक्याला चिकटलेल्या वाटोळ्या चकतीपर्यंत गेली होती. यंत्राला बारीक बारीक भोकेही होती. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाहुलीला वायर कशाला लागते?

त्या क्षणापासून घरातील मोकळेपणा संपुष्टात आला. मास्तर गिऱ्हाइकाशी कुजबुजत माप घेऊ लागले. जेवताना त्यांनी बाहुलीवर पंचा टाकला.

"अहो, तिला झाकता कशाला?" ठमीच्या आईने विचारले.

"ऐकते ती."

"ऐकू दे की! आपल्या घरात ऐकण्यासारखं आहे काय? दिवसा तुमचं मशीन आणि झोपल्यावर तुमचं घोरणं. परदेशात जाऊन सांगेल, तर सांगू दे बापडी."

मास्तरांनी पंचा आणखी खाली ओढला. परंतु दुसऱ्या दिवशी पडद्याआड इस्त्री करत असता त्यांच्या कानी जे पडले, त्याने त्यांच्या हातातील इस्त्री जागच्या जागी थबकली. ठमी आईला सांगत होती, "आई, तिच्याशी बोलायचं तर ह्या बाजूनं बोल. तिला यंत्रातूनच ऐकू येतं. आणि तिकडे सगळं सांगायचंय तिला."

म्हणजे आपले लेकरूही त्या कटात सामील! कापडाचा वास आला तेव्हा मास्तर भानावर आले. एका गिऱ्हाइकाच्या पायजम्यावर इस्त्रीचा आकार कायमचा उमटला होता.

वास्तविक त्यांनी मुलीला एक साधा प्रश्न विचारला असता, तर ही कथा येथेच आटोपली असती. परंतु संशयी माणूस उत्तराला भितो. शेवटच्या संध्याकाळी मायलेकी बाजारात गेल्या असता मास्तरांनी दार लावले, बाहुली मांडीवर उपडी घेतली आणि एक एक टाका उसवून ते यंत्र वायरीसकट मोकळे केले. मग लोकरीचे केस असे काही विंचरून बसवले, की प्रत्यक्ष जन्मदात्रीलाही फरक कळू नये. यंत्र चिंध्यांत गुंडाळून बटणांच्या डब्यात कोंबले आणि झाकणावर कात्री ठेवली. उद्या ठमीचे बोलणे होते. सर्वांसमक्ष हे यंत्र बाईंच्या टेबलावर आपटायचे, जाब विचारायचा आणि ठमीचे नाव त्या मैत्रीतून काढून घ्यायचे, असा त्यांचा निर्धार झाला.

दुसऱ्या दिवशी हॉल मुलांनी व पालकांनी भरून गेला होता. ठमीने आठवडाभर पाठ केलेले बोलणे ओठांतल्या ओठांत म्हणत बाहुली छातीशी धरली होती. मास्तर खिशातील यंत्र मुठीत आवळून पुढच्याच बाकावर बसले. पडदा उजळला. तिकडची मुले दाटीवाटीने बसलेली दिसली. त्यांच्यातून एक किडकिडीत मुलगी उठून पुढे आली. ही बाहुली तिच्या आजीने शिवली होती, असे बाईंनी सांगितले.

मुलीने कोणाकडे तरी पाहण्यासाठी मान वळवली, आणि मास्तर बाकावरून पुढे झुकले. तिच्या केसांत, कानामागे, तसेच वाकडे यंत्र होते. तशीच वायर. तशीच चकती.

मुलीने बाहुलीकडे निरखून पाहिले. तिचा चेहरा उतरला. ती भराभर काहीतरी बोलली.

"काय म्हणते, बाई?" ठमीने विचारले.

बाई म्हणाल्या, "ती म्हणते, थांबा. पाहुणीचं यंत्र दिसत नाही. तिला ऐकू येत नसताना कार्यक्रम सुरू करू नका. तिचं स्वतःचं ऐकू येण्याचं जुनं, बंद पडलेलं यंत्र तिनं बाहुलीला दिलं होतं, म्हणजे आपल्यासारखी एक तरी असावी म्हणून."

ठमीने घाईघाईने लोकरीचे केस चाचपले. तेथे काहीच नव्हते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "बाई, माझ्याकडूनच हरवलं असेल. मीच नीट सांभाळलं नाही. तिला सांगा ना, मी मुद्दाम नाही केलं."

वाचकहो, मास्तर गप्प बसले असते, तर कोणाला काही कळले नसते. टाका त्यांनी तितका साफ उसवला होता. परंतु जे अश्रू वाहत होते, ते त्यांच्या लेकीचे होते. ते उठून उभे राहिले.

"ठमे, तुझ्याकडून काही हरवलेलं नाही. मी काढलं." त्यांनी मूठ उघडली. "मला वाटलं, आपलं बोलणं चोरून ऐकायला लावलंय."

हॉलमध्ये हशा पिकला. ठमी मात्र हसली नाही. "बाबा, मला विचारायचं तरी!"

"चुकलं, बाळा." एवढेच ते म्हणाले. नंतर पडद्याकडे मान करून बाईंना म्हणाले, "तिला सांगा, शिंपी इथंच आहे. जरा दम धर म्हणावं."

कॉलरच्या आत सुई-दोरा खोचून ठेवण्याची त्यांची सवय त्या दिवशी कामी आली. ते पडद्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी चकती बाहुलीच्या डोक्याला धरली, तो पडद्यावरील मुलीने जोराने मान हलवून स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवले. मास्तरांनी चकती किंचित वर सरकवली. तिने आणखी मागे, अशी खूण केली. आजवर असंख्य गिऱ्हाइकांनी त्यांना खोटी मापे सांगितली होती, परंतु या गिऱ्हाइकाच्या मापावर त्यांनी मुळीच शंका घेतली नाही. दोन देशांची मुले श्वास रोखून टाका पाहत राहिली. शेवटची गाठ मारून मास्तरांनी बाहुली उंच धरली.

मुलीने आधी बाहुलीशी काहीतरी हळूच बोलून पाहिले, कान देऊन थोडे थांबली, आणि मग ठमीकडे पाहून मान डोलावली. ठमीने डोळे पुसले व बोलण्यास आरंभ केला.

न्हाव्यांचा मुलगाही त्याच शाळेत असल्याने बाहुलीचा त्यानंतरचा मुक्काम त्यांच्या घरी होता. बाहुली न्यायला आलेले न्हावी दारातूनच हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, ते काढलंस ना? आमच्याकडे बायको फार बोलते रे."

"तू काढून बघ," मास्तर मशीनवरून मान न उचलता म्हणाले. "दुहेरी दोऱ्यानं शिवलंय. आणि तिच्याशी बोलशील तेव्हा ह्या बाजूनं बोल. त्या बाजूनं ऐकू येत नाही तिला."

येथे हा वृत्तान्त पुरा होतो. लेखनात न्यून राहिले असल्यास ते माझे समजावे. आपण अखेरपर्यंत सोबत राहिलात, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला विनम्र,
नाना रंगारी