दुसरा डबा, तिसरा डबा

खुर्च्या बेचाळीस, स्पीकर आठ, पडदा एकही नाही. बद्रुद्दीननं दाराशी उभं राहून पुन्हा मोजलं. पडदा खरंच नव्हता.

"चाचा, हा सिनेमा कानानं पाहायचा हाय," आरती वायर ओढता ओढता म्हणाली. "पूर्ण अंधार, अन् चारी बाजूंनी आवाज."

"माह्यं काम तर उजेडाचं होतं, बेटा."

अकोल्याच्या टॉकीजमध्ये तो एकोणतीस वर्षं ऑपरेटर होता. रविवारी सकाळी फिल्म सोसायटीचे परदेशी सिनेमेही तोच चालवायचा. भाषा कळायची नाही, पण त्यातले आवाज त्याला आवडायचे. म्हणून तो टेपरेकॉर्डर लावून ते भरून घ्यायचा. त्यातल्याच एका सिनेमाच्या चार कॅसेटी आरतीनं सहा महिन्यांपूर्वी नेल्या होत्या. सिनेमा एका म्हाताऱ्या नावाड्याचा. त्या आवाजांवर रचलेला तिचा पहिलाच कार्यक्रम आज अकरा वाजता, अमरावतीच्या या सभागृहात होता.

पहिल्या रांगेत तिचे आजोबा वामनराव पत्रक वाचत बसले होते. सोसायटीचे सचिव तेव्हा तेच होते.

"या बद्रुभाई! ऐका. 'दुसऱ्या भागात नावाडी मरतो आणि तिसऱ्या भागात पुन्हा वल्ही मारतो.' पोरीनं माह्यं भाषणच छापलं. चाळीस मिनिटं बोललो होतो त्या दिवशी, याद हाय ना?"

बद्रुद्दीनला चांगलंच याद होतं. स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसातून आणलेल्या रिळांच्या डब्यांवर कापसाचं तूस बसलं होतं. त्यानं आकडे घातलेली चारही झाकणं काढून पुसली, आणि परत लावताना दोनचं तीनवर गेलं, तीनचं दोनवर. सिनेमा संपल्यावर रीळ उलटं गुंडाळताना फितीच्या तोंडाशी छापलेला आकडा दिसला, तेव्हा खाली टाळ्या वाजत होत्या. मेलेला माणूस वल्ही मारतो म्हणजे काय, हे वामनराव सांगत होते. भर सभेत त्यांना खोटं कसं पाडायचं? उद्या सांगू, परवा सांगू करता करता छत्तीस वर्षं गेली. आता ती चूक पोरीच्या नावानं छापून आली होती. अर्ध्या तासात लोक येणार होते.

"आरती बेटा, थांब." त्याचा आवाज रिकाम्या सभागृहात वाजवीपेक्षा मोठा निघाला. "कॅसेट दोन अन् तीन उलट्या हायेत. तवा रिळांच्या डब्याची झाकनं बदलली, माह्याच हातानं. तो नावाडी पह्यले होडी चालवते, मंग मरते."

वामनरावांच्या हातातलं पत्रक मांडीवर आलं. "म्हंजे मी चाळीस मिनिटं..."

"लय चांगलं बोलले होते, सर. म्हनून तं तोंड उघडलं नाही."

"अन् म्हणूनच मंग सिनेमानंतर कधी चहाले थांबले नाही काय? मले वाटे, माह्या भाषणाले कंटाळले."

"थे बी होतं."

वामनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. आरती मात्र हसली नाही. ती लॅपटॉपकडे बघत होती.

"चाचा, पहिला भाग पाण्याच्या आवाजात संपते. मंग दुसऱ्याच्या सुरुवातीले एकदम सन्नाटा. थो सांधा मले काही केल्या जुळतच नव्हता. मले वाटलं, माह्यंच गणित चुकून राहिलं. चार महिने झोप नाही मले!"

"मंग नाराज नाही तू?"

"नाराज? पेढे द्यायले पाह्यजे तुमाले!"

"पेढे मंग," वामनराव म्हणाले. "आधी पत्रकं आण इकडं. माह्यं भाषण मीच खोडतो."

त्यांनी खिशातून पेन काढला आणि निम्मा गठ्ठा बद्रुद्दीनपुढे सरकवला. बद्रुद्दीन शेजारच्या खुर्चीवर बसला. सोसायटीच्या माणसांत बसायची त्याची ही पहिलीच वेळ. दोघं ओळीवर ओळ खोडत गेले. वामनराव मधूनच एखादं वाक्य मोठ्यानं वाचायचे, "हे तं बरं होतं बा," म्हणायचे आणि खोडायचे.

आरतीनं दोन्ही भाग जागच्या जागी ठेवले, सांधा दोनदा वाजवला आणि मोजला. आधी तिथं आवाज एकवीस डेसिबलनं पडत होता. आता फरक अर्ध्या डेसिबलचा होता.