आईचा खून आणि डायलचं कुलूप

टेक एक

भर दुपारी हॉलमध्ये मध्यरात्र करून ठेवली होती. खिडक्यांवर काळ्या चादरी ठोकलेल्या, पंखा बंद, कारण त्याची कुरकुर आवाजात येते, आणि लाल दिव्याखाली सगळी मंडळी वाफवून निघत होती. सोफ्यावर मावशी मरून पडली होती. तिच्या गळ्याला पाकात रंग कालवून केलेलं रक्त होतं आणि त्या रक्तावर एका माशीचा जीव जडला होता. दाराआड भावोजी मुखवटा चढवून, रबरी सुरा धरून उभे. एरवी ते फ्रिज दुरुस्त करतात. कॅमेऱ्यामागे ताई.

दिग्दर्शकाचे केस पिकायला लागले तरी घरात त्याला बाळ्याच म्हणतात. तो लहान असताना जसे खूनपट निघायचे, तसाच खूनपट त्याला आज काढायचा होता. खऱ्या फिल्मवर, दाणेदार, अंगावर येणारा झूम, मोबाइलचं नाव नको. त्यापायी त्याने आईच्या हॉलचे नवे पडदे उतरवले, माळ्यावरचे जुने लावले, आणि आईने मोठ्या मिनतवारीने नजरेआड केलेली एकेक वस्तू पुन्हा जागच्या जागी आणून ठेवली. आता फिल्मचा एकच रोल उरला होता. कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता. काम एकच बाकी होतं, आईला मारायचं. तिच्या मरणानंतरचे पोलीस, शेजारी, रडारड, सगळं आधीच उरकलं होतं. आई आज मेली नाही, तर अख्खा सिनेमा उगाच रडत होता.

पटकथेत असं होतं:

बाई फोनकडे धावते. रिसीव्हर उचलते. डायलला कुलूप. बाई हताश. मागून खुनी. किंकाळी.

फोन बाबांचा. कुलूपही बाबांचंच. कामावर जाताना ते डायलच्या भोकात हे चिमुकलं कुलूप अडकवून किल्ली खिशात टाकायचे. बाबा गेले, किल्ली कुठे गेली कोणाला ठाऊक, कुलूप मात्र माळ्यावर तसंच लटकून होतं. ते सापडलं तेव्हा बाळ्या पोरासारखा नाचला होता. असला तपशील विकत मिळत नाही.

"ॲक्शन."

आई धावली. बऱ्यापैकी धावली. रिसीव्हर उचलला, कुलूप पाहिलं, आणि हताश व्हायचं सोडून रिसीव्हर ठेवायच्या बटणावर बोटाने टकटक करायला लागली.

"कट. आई, हे काय चाललंय?"

"फोन लावतेय."

"कुलूप आहे ना त्याला."

"कुलूप डायलला आहे," आई म्हणाली.


टेक दोन

बाई धावते. उचलते. कुलूप.

टक, टक, टक, टक.

"कट. आई, हात जागेवर ठेव. फक्त हताश हो. हताश व्हायला काय लागतं?"

"होतेय की. बोट आपोआप जातं त्याला मी काय करू?"

"मी येऊ की नको येऊ?" दाराआडून भावोजी म्हणाले. "चष्म्यावर वाफ धरलीय. आता मी आलो तर कोणाला भोसकेन सांगता येत नाही."

"बाळ्या, फिल्म चाललीय," ताई म्हणाली. ती एवढंच म्हणायची, पण दर वेळी आदल्या वेळेपेक्षा हळू.


टेक नाहीच

कॅमेरा बंद. बाळ्या जमिनीवर बसला. डोकं त्याने दोन्ही हातांत धरलं होतं, म्हणजे ते फुटणार नाही अशा बेताने.

"मला समजावून सांग," तो म्हणाला. "शांतपणे."

आईने सांगितलं. डायल न फिरवता बटणाच्या ठोक्यांनीही नंबर लागतो. चारसाठी चार ठोके, मग जरा थांबायचं. सातसाठी सात. लय चुकली की भलत्याच माणसाकडे लागतो. एकदा फोन पुसता पुसता बटण भराभर दाबलं गेलं आणि कोणीतरी पुरुष हॅलो म्हणाला, तेव्हा तिला हे कळलं. मग तिने सराव केला.

"चार, दोन, सात, शून्य, तीन," सोफ्यावरचं प्रेत म्हणालं. "शून्याला दहा ठोके, बरं का. रोज दुपारी रिंग वाजली की मी समजायचे, हिचे यजमान गेले कामावर."

"मावशी, तू मेलीयस."

"मेलेच आहे. तोंड तेवढं चालू आहे."

बाळ्या आईकडे पाहत राहिला. त्याला एक वेगळीच गोष्ट आठवत होती. दर बिलाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून टेलिफोन ऑफिसात जायचे. फोनला कुलूप असताना एवढे कॉल होतातच कसे, म्हणून काउंटरवर हात आपटायचे. एकटा माणूस अख्ख्या ऑफिसाला भिडायचा. बाळ्याला त्याचा केवढा अभिमान. सिनेमाच्या सुरुवातीला बाबांच्या नावाची पाटी होती, तिच्यावर त्याने लिहिलं होतं: अन्यायाशी झुंजणाऱ्या माझ्या बाबांना.

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? शर्टला इस्त्री मीच करून द्यायचे."

ताई कॅमेऱ्यामागे खोकली. तो खोकला नव्हता.

"बरं," बाळ्या म्हणाला. आवाज त्याने मुठीत धरून ठेवला होता. "तुला येत असेल. पण सिनेमातल्या बाईला येत नाही. तिला कुलूप दिसतं आणि ती मरते. एवढंच करायचंय, आई. कुलूप, मर. कुलूप, मर."

"मरायला माझी ना नाही," आई म्हणाली. "उद्या म्हणालास तर उद्या पुन्हा मरेन. पण कुलूप आहे म्हणून मरणार नाही."

"पुढचं सगळं शूट झालंय."

"मग दुसरं काही कारण शोध."

"अगं, तुझा फोन लागला की तू वाचतेस. वाचलीस की सिनेमा संपला. पाचव्या मिनिटाला."

"मग पाच मिनिटांचा काढायचा होतास. माझे पडदे तरी वाचले असते."

भावोजींनी दाराआडून मुखवटा वर केला, घाम पुसला आणि पुन्हा खाली ओढला. मध्ये बोलण्यात शहाणपण नाही, हे जावयाला कळलं होतं.

"पण उचलणार कोण?" मावशी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती माशी वारत होती.

"म्हणजे, सिनेमात मी हिची बहीण. हिच्याकडे राहायला आलेली. मला यांनी आत्ताच मारलं. हिने फोन लावला तर तो माझ्याच घरी वाजणार ना? आणि मी तर इथे पडलेय."

"पोलिसांना लावेल ती," बाळ्या म्हणाला. म्हणताना तो स्वतःच्याच सिनेमाविरुद्ध बोलत होता, पण खिजून गेलेल्या माणसाला तेवढं भान नसतं. "शेजाऱ्यांना लावेल. कोणालाही लावेल."

"कोणाला?" आई म्हणाली. "बोटांनी मला तो एकच नंबर येत होता. दुसऱ्या कोणाशी काय बोलायचं होतं मला?"

बाळ्याने खिशातून पेन काढलं. पटकथेतला एक शब्द खोडून पुढे लिहिलं, मग शेवटचा शब्दही खोडला.

बाई ~~हताश~~ नंबर लावते. रिंग वाजते. बाई सोफ्याकडे बघते. मागून खुनी. ~~किंकाळी~~


टेक तीन

धावली. उचलला. कुलूप.

चार ठोके. दोन. सात. शून्याला दहा, आणि ते दहा ठोके संपता संपेनात. भावोजी दारातून निघाले होते, त्यांना अर्ध्यात पाय अडखळत थांबावं लागलं, आणि तो थांबलेला खुनी दाराशी फारच भयंकर दिसला. तीन.

आईने रिसीव्हर कानाला लावला. भिंतीकडची तार तुटलेलीच होती, रिसीव्हरमध्ये काही वाजत नव्हतं, पण खोलीतल्या प्रत्येकाला रिंग ऐकू आली. तिने सोफ्याकडे पाहिलं. तिथे बहीण डोळे उघडे ठेवून पडली होती आणि या वेळी तिने माशीसुद्धा वारली नाही. आईने रिसीव्हर खाली ठेवला नाही. वाजू दिला.

मग सुरा आला.

ती आवाज न करता खाली गेली, रिसीव्हर तारेला लोंबत राहिला. बाळ्याला कट म्हणायचं होतं. रोल संपून कॅमेऱ्यात फडफडायला लागला, तरी ते त्याच्या तोंडून निघालं नाही. तो बाबांच्या नावाच्या पाटीवरचा मजकूर खोडत होता, मनातल्या मनात, आणि त्या जागी काय लिहावं ते त्याला सुचत नव्हतं.

"संपली फिल्म," शेवटी ताईच म्हणाली.

"मेले ना मी?" आईने जमिनीवरून विचारलं.

"मेलीस."

"नीट?"

"नीट."

"मग काढ ते कुलूप."

"किल्ली नाहीये, आई."

"किल्ली माझ्याकडे कधीच नव्हती. काढ म्हणतेय."

भावोजी मुखवटा उतरवून हत्यारांच्या पिशवीत पक्कड धुंडाळायला लागले. मावशी ओरडत होती की आधी मला कोणीतरी उठवा, माझा पाय खरोखरचा मेलाय. बाळ्याला धीर धरवला नाही. त्याने हाताशी आला तो सुरा उचलला आणि कुलपाच्या कडीत घालून जोर लावला. सुरा निमूट वाकला.

आई जमिनीवर पडल्या पडल्या बघत होती.

"रबराचा आहे तो," ती म्हणाली. "आधी पंखा लाव."