न्हाणीघराची परतफेड

मिनेको आधीच तिखट, त्यात सकाळी सकाळी ते पत्र आलं. तिच्या वेबसाइटवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणाऱ्या कंपनीचं. तुमच्या पानावरच्या जाहिराती काही लोक खोट्या हेतूने, पुन्हा पुन्हा क्लिक करून दाबत आहेत, सबब तुमचं खातं बंद. परत हवं असेल तर हे लोक कोण ते कळवा, त्यांनी लबाडी केली असं लिहून द्या आणि त्यांना पानावर येऊ देऊ नका.

"लबाडी? माझ्या पानावर?" तिने वाटी अशी आपटली की मिसो सूप मुलाच्या टायवर उडालं.

वेबसाइट कसली, तर न्हाणीघरांची. तोक्योच्या पूर्वेकडच्या जुन्या वस्त्यांत चार पैसे टाकून अंघोळीला जायची जी न्हाणीघरं अजून तग धरून आहेत, त्यांची. कुठलं पाणी कढत, कुठल्या भिंतीवरचा फुजी डोंगर ताजा रंगवलाय, कुठली मालकीण गप्पिष्ट, सगळं तिने हौसेने लिहिलेलं. नवरा होता तेव्हा हसायचा. "पाण्याबद्दल काय लिहायचंय? गरम असतं, संपलं!" पण लोक वाचू लागले, जाहिराती आल्या, आणि महिन्याच्या अंघोळी आणि वर थंडगार दुधाची बाटली सुटेल एवढे पैसे येऊ लागले. रक्कम पाहिली तर चिमूटभर. पण जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात पायांचे तुकडे पडेपर्यंत उभं राहून मिळालेली ती नव्हती, नवऱ्याच्या पेन्शनीतलीही नव्हती. तिच्या हौसेला जगाने दिलेली ती किंमत होती, आणि ती हातची जाऊ द्यायची नाही असं तिने त्याच क्षणी ठरवलं.

"लिहून टाक की, आई," टाय पुसत काझुमा म्हणाला. "कुणीतरी फालतू लोक होते म्हणायचं, माफी मागायची. वाचतंय कोण?"

"फालतू कोण ते आधी कळू दे. मग बघतेच एकेकाला!"

संध्याकाळी ती नेहमीसारखी त्सुरुनोयू या गल्लीतल्या न्हाणीघरात गेली. पुरुषांच्या आणि बायकांच्या बाजूंच्या मधोमध, उंच गल्ल्यावर मालकीण फुसाए-सान बसलेल्या. ऐंशीच्या पुढचं वय, पण जीभ विशीतली. मिनेकोने कपडे काढता काढता सगळी हकिगत सांगितली आणि त्या लबाडांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

फुसाए-सानचा चेहरा उतरला.

"अगं बाई! ते आम्हीच गं."

"म्हणजे?"

"तू पहिल्या कमाईचा कास्तेला केक वाटलास ना सगळ्यांना? एवढा महागाचा! त्याची परतफेड नको करायला? जाहिरात दाबली की तुला पैसे मिळतात, असं तूच सांगितलंस. मग मी सगळ्यांना बजावलं, अंघोळीआधी रोज दाबायची. विसरला त्याला आतच सोडत नव्हते!"

भिंतीपलीकडून, पुरुषांच्या बाजूने, टोफूवाल्या इवाबुची-सानचा आवाज आला. "मी तर लग्नाच्या हॉलची दाबतो! या वयात! बायको संशय घ्यायला लागली, तरी सोडलं नाही!"

दोन्हीकडे हशा पिकला. मिनेकोला हसू येईना. डोक्यावर हात मारून ती पाटावर बसली. या भोळ्या लोकांनी प्रेमाने तिच्या पोटावर पाय दिला होता, आणि रागवायचं तरी कुणावर?

फुसाए-सान गल्ल्यावरून खाली उतरल्या. त्या कुणासाठी उतरत नाहीत. कमरेत वाकून म्हणाल्या, "मिनेको, आमची नावं लिही. लबाड तर लबाड. आमचं या वयात काय वाकडं होणारे?"

"सरळ व्हा आधी," मिनेको कडाडली. "कंबर धरली तर कोण उचलणारे तुम्हाला? तुम्हाला लबाड लिहू? आणि मग उद्या कोणत्या तोंडाने या पाण्यात उतरू?"

घरी येऊन तिने ओल्या केसांनीच उत्तर लिहिलं. काझुमा मागे उभा राहून वाचत होता.

'जाहिराती माझ्या शेजाऱ्यांनी दाबल्या. नियम त्यांना ठाऊक नव्हता, आणि सांगायला हवा होता तो मी. चूक माझी. पण ते लबाड नाहीत, त्यांनी परतफेड केली. त्यांना मी माझ्या पानावरून हाकलणार नाही. खातं तुम्हालाच लखलाभ.'

"आई, पैसे गेले की गं."

"गेले त्या कंपनीचे. माझं पान कुठे गेलंय?"

दुसऱ्या दिवशी ती थेट इवाबुची-सानच्या दुकानात गेली.

"माझ्या पानावर तुमच्या टोफूची जाहिरात लावायची. न्हाणीघराच्या भिंतीवर पूर्वी फुजीखाली गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या असायच्या, तशी. दाबायला बटणच नाही. वाचायचं आणि दुकानात यायचं."

म्हातारा खूश झाला. गार पाण्यातून टोफूची भलीमोठी वडी काढून त्याने तिच्यापुढे धरली. "घ्या! रोज एक देईन!"

"टोफू नको, पैसे द्या."

"अहो, आपल्यात कसले पैसे!"

"आपल्यात म्हणूनच. हा टोफू घेतला तर मला परतफेड करावी लागेल, मग तुम्हाला, मग परत मला. मरेपर्यंत सुटका नाही." तिने हात पुढे केला. "हा माझा धंदा आहे, इवाबुची-सान. काढा पाकीट."