सहभागी क्रमांक चौदा आणि मक्याची गोळी

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा: औषध हरलं. ज्या गोळीत औषध होतं तिच्यापेक्षा ज्या गोळीत काहीच नव्हतं तिने जास्त माणसं बरी केली.

आता हे विसरा. दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या विद्यापीठ रुग्णालयातला मनोविकार विभाग तर त्याच दुपारी विसरला. विभागप्रमुख प्राध्यापक योम ग्वांग-सिक यांनी 'तीनशेआठच्या घवघवीत यशाबद्दल हार्दिक अभिनंदन' असा दोन मजली कापडी फलक इमारतीवर आधीच लावून घेतला होता. लावलेला फलक उतरवला की लोक विचारतात. म्हणून तो राहिला, आणि त्याच्याखाली उभं राहून सगळ्यांनी हसरा फोटोही काढला. तेव्हा तसलं काही झालंच नाही, असं धरून पुढे जाऊ.

फोटोत अगदी कडेला, अर्धी कापली गेलेली बाई दिसते ती प्यो यून-सल, संशोधन विभागाची परिचारिका. वय चौतीस. काम असं, की रुग्णांना गोळ्या द्यायच्या, दर दुसऱ्या बुधवारी सतरा ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरांना गुण द्यायचे. गुण जितके जास्त तितकं दुःख मोठं. नापास होण्यासाठी माणसं धडपडतात अशी जगातली ही एकच परीक्षा.

तीनशेआठ हे त्या औषधाचं नाव. नाव ठेवायला कंपनीला सवड झाली नव्हती. आधी ते बायपोलरच्या रुग्णांवर, म्हणजे आज आभाळात तर उद्या तळघरात असणाऱ्या मनांवर आजमावलं. आभाळातले आभाळात राहिले, तळघरातले तळघरात. मग एका घरी नाकारलेलं स्थळ दुसऱ्या घरी दाखवावं तसं ते नैराश्याच्या दारात आणून उभं केलं. निम्म्या रुग्णांना तीनशेआठ आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी मक्याच्या पिठाची गोळी. कुणाला कुठली, हे रुग्णांना माहीत नाही, यून-सलला माहीत नाही, प्राध्यापकांनाही नाही. प्राध्यापकांना तसं बरंच काही माहीत नव्हतं, पण एवढं मात्र नियमाने माहीत नव्हतं.

चौदाव्या क्रमांकावर आली कू मल-सुन. सदुसष्ट वर्षांची, बाजारात भाताबरोबरच्या भाज्या-लोणच्यांचं दुकान चालवणारी. म्हणजे पूर्वी चालवणारी. नवरा गेल्यावर दोन वर्षं ती घरातली एकच भिंत बघत बसली होती. आधी तीन औषधं देऊन झाली होती. त्यांनी तोंडाला इतकी कोरड पडली, की जिभेला मीठ कळेना. मीठ न कळणाऱ्या बाईने लोणचं घालायचं कसं? दुकानाचं शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. सुनेने हाताला धरून आणलं तेव्हा तिच्या अंगातला स्वेटर उलटा होता आणि गुण होते एकतीस.

"काल झोप कशी लागली, आई?" यून-सलने विचारलं. त्या वयाच्या बाईला आई नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? अख्खं इस्पितळ तेच म्हणतं.

मल-सुनने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "भिंत झोपते. मी नाही."

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला स्वेटर सुलटा. चौथ्या खेपेला यून-सलने प्रश्नांचा कागद काढला तर मल-सुन कागदाच्या पलीकडे बघत होती.

"भूक कशी आहे, आई?"

"माझी राहू दे. तू जेवलीस का?"

"आई, हा प्रश्न माझा आहे."

"म्हणजे नाही जेवलीस. ते कचऱ्याच्या टोपलीत काय पडलंय? दुकानातल्या तयार तिकोनी भाताचं पाकीट? त्याला काय जेवण म्हणतात होय गं? तुझ्या आईने बघितलं तर रडेल!"

पाचव्या खेपेला डबा आला. सोयाबीनच्या रसात मुरवलेली पानं. सहाव्या खेपेला तीन डबे, आणि बातमी: शटर वर गेलं होतं. गुण नऊ. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून यून-सलने त्यात संत्री भरली. संत्र्यांच्या बदल्यात चार डबे आले. हे कुठे थांबलं असतं सांगता येत नाही, पण कंपनीचा तपासनीस आला.

त्याचं नाव क्वाक. इस्त्री त्याच्या सदऱ्याला होती आणि चेहऱ्यालाही. त्याने नोंदवहीत लिहिलं, 'नियमभंग क्रमांक नऊ: लोणचं.' पुरावा तपासायला झाकण उघडलं, आणि तपास भाताशिवाय पूर्ण होईना. यून-सलने कँटीनमधून भात आणून दिला. डबा चाटूनपुसून झाल्यावर क्वाकने वर्ग घेतला.

"अडचण अशी आहे ताई, की तुमचे सगळेच रुग्ण बरे होतायत," तो म्हणाला. "दोन्ही गटांतले. त्यामुळे औषधाला चमकायला जागाच राहत नाही. सहानुभूती हा संशोधनातला दोष आहे. मान डोलवायची नाही. अरेरे म्हणायचं नाही. आई तर नाहीच नाही. आई म्हटलं की त्या बाया लेकीला काळजी नको म्हणून बरं आहे सांगतात, आणि दर पंधरवड्याला सांगता सांगता खरंच बऱ्या होतात!"

"आणि रडल्या तर?"

"टिश्यूचा खोका टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवायचा. पुढे सरकवायचा नाही. सरकवला की तो उपचार झाला."

वर्गाला येऊन बसलेल्या प्राध्यापक योम यांनी मान डोलवली, मग आठवण होऊन थांबवली.

पुढच्या बुधवारी यून-सल ताठ बसली. "सहभागी क्रमांक चौदा, गेल्या आठवड्यात आपल्याला उदास वाटलं का?"

मल-सुन दचकली. मग तिने उठून यून-सलच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही. पोरी, काय झालंय? कुणी बोललं का? तो इस्त्रीवाला?"

"सहभागीने कृपया बसावं."

"आण इकडे तो कागद." तिने कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "झोप?"

यून-सलने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"झोप, गं?"

"चारला जाग येते," यून-सल म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही कळलं नाही.

"दोन गुण. भूक? ती मला दिसतेच आहे, दोन. कामात रस?"

सतरा प्रश्न झाले. बेरीज एकोणीस. म्हणजे यून-सल नियमाप्रमाणे चाचणीत घेण्याजोगी रुग्ण निघाली. मल-सुनने टिश्यूचा खोका आपल्याकडे सरकवलेला तिने पाहिला आणि नियमभंग क्रमांक दहा नोंदवायचं ती सोयीने विसरली.

मग कुणाला कुठली गोळी होती हे सांगणारी सीलबंद पाकिटं उघडली आणि व्हायचं ते झालं. तीनशेआठवाल्यांचे हात थरथरले, तोंडं सुकली, गुण जेमतेम घसरले. मकावाल्यांचे धाडकन कोसळले. चौदा नंबर मक्यावर होती.

प्राध्यापक योम यांनी दोन दिवस विचार केला आणि दोष सापडला. दोष रुग्णांत होता. "या मकागटातल्या काही लोकांनी बरं होण्याची घाई केली आहे," ते बैठकीत म्हणाले. "अशा बेशिस्त रुग्णांना हिशोबातून वगळलं, तर तीनशेआठ पुढे दिसतं." वगळलेल्यांच्या यादीत पहिलं नाव चौदाचं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'अवाजवी सुधारणा.'

शेवटच्या बुधवारी मल-सुन आली ती पुढच्या गोळ्या मागायला. यून-सलला बोलवेना, म्हणून तिने तिला प्राध्यापकांसमोर नेऊन बसवलं. क्वाकही होता.

"बाई, तुमच्या गोळीत काही नव्हतं," योम म्हणाले. त्यांना वाटलं आता ही ओशाळेल. "नुसतं पीठ."

"कसलं पीठ?"

"मक्याचं."

"तरीच पोटाला बाधली नाही," मल-सुन म्हणाली. "मग तीच द्या."

"अहो, ती देता येत नाही. मान्यताप्राप्त औषध नाही ते."

"मका मान्यताप्राप्त नाही?"

"मका म्हणून आहे. गोळी म्हणून नाही."

"ज्यांना गुण आला त्यांना पुढे औषध चालू ठेवू म्हणाला होतात, गुरुजी. मी सही केली होती त्या कागदावर."

"औषध चालू ठेवू म्हणालो. तुम्हाला औषध नव्हतंच." योम यांनी मायेने कपाटाकडे हात केला. "तीनशेआठ मात्र हवं तेवढं आहे. कुणी नेतच नाही."

"त्याने तोंड सुकतं?"

"थोडंसं."

मल-सुनचा चेहरा पहिल्या बुधवारसारखा झाला. "मी चाखून विकते, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "आणि सकाळी गोळी घेतली की वाटतं, बुधवारी ही पोरगी विचारणार आहे, कशा आहात म्हणून. तेवढ्यावर उठते. आता काय म्हणून उठू?"

हा प्रश्न सतरांत नव्हता. योम यांनी घड्याळ पाहिलं. क्वाकने सांगितलं की उरलेल्या मक्याच्या गोळ्या धोकादायक वैद्यकीय कचरा म्हणून भट्टीत जातील, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. एक सही यून-सलची लागेल. तिने ती केली. सरकारी भट्टीत दोन हजार गोळ्या जळाल्या, आणि आवारात लाह्यांचा वास सुटला असं भट्टीवाल्याने शपथेवर सांगितलं.

अकराव्या दिवशी यून-सल बाजारात गेली. शटर खाली होतं. शेजारची मासळीवाली म्हणाली, "चार दिवस झाले. दार उघडत नाही. आतून म्हणते, बरं आहे, काळजी करू नका."

यून-सलने शटर वाजवलं. आतून आवाज आला, "मी बरी आहे गं. तू जा, कामाला उशीर होईल."

हे उत्तर कसं मोजायचं ते तिला आता पक्कं ठाऊक होतं. ती शटरजवळच्या पालथ्या टोपलीवर बसली, पिशवीतून नैतिकता समितीचा कोरा अर्ज काढला आणि गुडघ्यावर ठेवून भरला:

'प्रति, मा. अध्यक्ष, संशोधन नैतिकता समिती. विषय: निष्प्रभ ठरवलेल्या पदार्थाचा पुरवठा दयाभावाने पुढे चालू ठेवणेबाबत. महोदय, सहभागी क्रमांक चौदा यांना मक्याच्या पिठाची गोळी, पांढरी, गोल, रोज सकाळी एक, आजीवन देण्यास परवानगी मिळावी. मात्रा वाढवू नये. गोळीसोबत दर दुसऱ्या बुधवारी चाळीस मिनिटं चौकशी करण्यास खाली सही करणारी तयार असून, तिचे स्वतःचे गुण त्याच बैठकीत मोजले जावेत. ज्ञात दुष्परिणाम: लोणचं. समितीची पुढील बैठक वसंतात असल्याचं समजतं; तथापि प्रकरण शटरच्या आत असल्याने सर्व मा. सदस्यांनी आज दुपारी चारपूर्वी बाजाराच्या तिसऱ्या गल्लीत जातीने उपस्थित राहून, एकमताने, शटर वर उचलण्यास हात लावावा, ही विनंती.'